स्टेनरूडच्या वतीनं दोन मिनिटं

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावर घासत होता. मळणीच्या दिवसांत शेतकरी चिमटीत दाणा धरून तो किती वाळलाय ते बघतो, तसा. फक्त या चिमटीत दाणा नव्हता. हात मांडीवर होता, टेबलाच्या कडेखाली, आणि मी अगदी लगतच्या खुर्चीवर होते म्हणूनच तो मला दिसला. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत मी मोजलं. दहा सेकंदांत अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. मग समोरून कुणीतरी प्रश्न विचारला, त्यांनी त्याच हातानं कॉफीचा कप उचलला आणि हात एकदम स्थिर झाला. कॉफीवर एक वलयसुद्धा उठलं नाही. थंडीनं किंवा जास्त कॉफीनं हात थरथरतो तो काम करताना थरथरतो. विसाव्याला टेकवला की थरथरणारा आणि कामाला लावला की गप्प होणारा हात वेगळा. हा फरक मेंदूच्या डॉक्टरांना ठाऊक असतो, आणि अशा हाताशेजारी बसून जी नऊ वर्षं जेवली आहे तिला.

जानेवारीतला शनिवार होता, दुपारचा एक. आमच्या एम्स गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या त्या लहानशा खानावळीत साठ माणसं दाटीनं बसली होती, सगळ्यांसमोर चिलीची, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाची, वाटी आणि तिच्याशेजारी सिनॅमन रोल, आणि सगळ्यांच्या बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी. माझ्या शेजारी, कारण तेवढी एकच खुर्ची रिकामी होती, सिनेटर आयव्हर स्टेनरूड येऊन बसले होते. साउथ डकोटाचे. वय त्रेसष्ट. त्यांना रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती आणि त्यासाठी त्यांनी माझ्याकडून मिठाची बाटली मागून घेतली, आभार मानले. आमच्या राज्यात हे असंच चालतं, कारण उमेदवारीची पहिली मतं आमच्या प्रभागसभांत पडतात. ज्याच्या एका शब्दावर अर्धं जग जळू शकतं तो माणूस होण्याआधी त्याला आमच्यात बसून चिली खावी लागते. मला यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते इतकं मोठं वाटलं की घास तोंडातच राहिला. इतका प्रचंड देश, आणि त्याचं एक टोक हे असं टेबलाखाली, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, सेकंदाला जवळजवळ पाच वेळा हलत होतं. साठ माणसांत ते मला एकटीला दिसत होतं. माझी नजर त्यांच्या लक्षात आली असावी. त्यांनी हात उचलून मांडीखाली सारला, लहान मुलं वर्गात हात दाबून बसतात तसा, आणि समोरच्या माणसाला मक्याच्या इंधनाबद्दल सांगत राहिले.

परतताना गाडी फर्न चालवत होती. फर्न डेक्कर माझी शेजारीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि आमच्या प्रभागातली स्टेनरूडची कार्यकर्ती. तिनंच मला ओढून नेलं होतं.

"काय गं, कसा वाटला?"

"अजून ठरलं नाही."

"तुझं ठरेपर्यंत तो निवडून येऊन, निवृत्त होऊन, घरी मासे पकडत बसलेला असेल."

"तू त्यांना किती वेळा भेटलीस?"

"तीनदा. पहिल्या वेळी तर मी त्याला फ्रीज दुरुस्त करणारा समजले. सकाळपासून त्या माणसाची वाट बघत होते ना, दार उघडलं आणि सरळ तळघरात धाडलं. गेला बिचारा! खाली जाऊन हाक मारतो, 'बाई, याला झालंय काय?' मी म्हटलं, तू सांग, तुला त्याचे पैसे मिळतात."

"मग?"

"मग काय. वर येऊन म्हणाला, 'मला यातलं काही कळत नाही, पण मी सिनेटर आहे.' मी म्हटलं, दोन्ही एकदमच कळलं." फर्न हसता हसता खोकायला लागली. "त्याच क्षणी मी ठरवलं. न येणारं काम येतं म्हणाला नाही. तो दुसरा उमेदवार, टिलरी, असता तर त्यानं फ्रीज उघडून ठेवला असता."

मी हसले. पण मी तळघराच्या त्या जिन्याचा विचार करत होते. उतरताना त्यांनी कठड्याला कुठल्या हातानं धरलं असेल. माझ्या नवऱ्याच्या, मर्लिनच्या, आजाराची सुरुवातही उजव्या हातानंच झाली होती. ऑक्टोबर महिना, चर्चमध्ये प्रार्थना चालू, सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे का कोण जाणे उघडे. आणि माझ्या नवऱ्याच्या पँटच्या शिवणीवर त्याचा अंगठा आपला आपण चाललेला. मला वाटलं तो एखादं गाणं आठवतोय. पुढच्या रविवारी पुन्हा. त्यानंतर मी दर रविवारी बघत गेले. मला सवयच आहे बघण्याची. विद्यापीठाच्या बियाणं तपासणी प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं दिव्याखाली दाणे बघते आहे. अकरा महिने मी मर्लिनचा अंगठा बघितला आणि अकरा महिने एक शब्द बोलले नाही. एवढ्याशा पुराव्यावर बोलायचं नाही, अजून थोडं पाहू, असं मी स्वतःला सांगत होते. ते शास्त्रीय वाटायचं. मग एके दिवशी कोट चढवताना त्याचं बटण लागेना आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला दिसत होतं ना गं?" मी मान हलवली. "मग मला एकट्याला कशाला ठेवलंस त्याच्याबरोबर?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली तरी अजून येत नाही.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. बियाण्याचा नमुना आला की आम्ही त्याचे चार ढीग करतो: शुद्ध बी, दुसऱ्या पिकाचं बी, तणाचं बी, आणि कचरा. प्रत्येक ढिगाचं वजन करायचं, आणि चारही ढिगांची बेरीज शंभर टक्के यायलाच हवी. मला वाटलं, माणसांचे असे ढीग होतात का पाहू. गव्हर्नर टिलरी यांच्यापासून सुरुवात केली. सहा वर्षांत त्यांनी आपल्या राज्याचा कारभार ताळ्यावर आणला होता. त्यांना नावं लक्षात राहतात. दुसऱ्याच भेटीत ते मला आर्डिस म्हणाले होते आणि मर्लिनबद्दल त्यांनी जे चार शब्द काढले ते खोटे नव्हते. हे सगळं पहिल्या ढिगात. पण प्रश्न पुरा होण्याआधी त्यांचं उत्तर सुरू होतं. इतक्या घाईनं इतकी बरोबर उत्तरं देणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मला त्याची किंचित भीती वाटली. ती भीती कुठल्या ढिगात टाकायची? मग पॉमरॉय, टायरच्या दुकानांचे मालक. मंदीत त्यांनी एकाही कामगाराला काढलं नाही, स्वतः पगार घेतला नाही. माणसाकडे मात्र ते झिजलेल्या टायरकडे बघावं तसं बघतात, अजून किती मैल चालेल असं. आणि स्टेनरूड. त्यांचं बोलणं म्हणजे थंडीत गोठलेला मध. प्रश्न विचारला की ते इतका वेळ गप्प राहतात की विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. मक्यावर जगणाऱ्या राज्यात येऊन, मका पिकवणाऱ्यांच्याच सभेत, मक्याच्या इंधनाची सरकारी मदत कमी करायला हवी असं त्यांनी सांगितलं. टाळी एकही पडली नाही. तरी कुणी उठून गेलं नाही. मी तो प्रसंग शुद्ध बियाच्या ढिगात टाकला, मग काढून कचऱ्यात टाकला, कारण निवडून न येणारा खरेपणा कुणाच्या काय कामाचा. मग पुन्हा उचलला. आणि अंगठा? काही तणं अशी असतात की त्यांचं टक्केवारीत वजन करायचंच नसतं. नमुन्यात एक जरी बी सापडलं तरी ते वेगळं नोंदवावं लागतं, सगळा माल अडतो. अंगठा त्यांतला होता का, की तो नुसता कचरा होता, काडी, धूळ, जिच्यातून काहीच उगवत नाही? बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं. मी पेन्सिल ठेवून दिली. एका माणसाची बेरीज शंभर येत नाही, ती नेहमी शंभराच्या वरच जाते, हे मला तेव्हा कळलं, आणि कळून मी घाबरले नाही. एखाद्या उंच इमारतीखाली उभं राहून वर बघावं तसं वाटलं.

सोमवारी प्रयोगशाळेत मक्याचे नमुने होते. आमच्याकडे दोन रीती आहेत. एक, चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि सात दिवस थांबायचं. जे उगवतात ते जिवंत. दुसरी, घाईच्या गिऱ्हाइकांसाठी: दाणा उभा चिरायचा आणि अर्धुक द्रावणात ठेवायचं. काही तासांत जिवंत अंकुर लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. बावीस वर्षांत मी हजारो दाणे चिरले असतील, पण तो लाल रंग चढताना बघायला मी अजून थांबते. सांजेच्या आभाळाचा असतो तसा, आतून येणारा. मात्र ज्याच्याबद्दल आपल्याला नक्की कळलं तो दाणा आता पेरता येत नाही. न चिरता कळून घ्यायचं तर थांबावं लागतं. मी थांबायला तयार होते, पण माणूस सात दिवसांत उगवून दिसत नाही, आणि प्रभागाच्या सभेला सातच दिवस उरले होते.

बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला भिंतीवरचा फोन वाजला. मी ओव्हन उघडून आतलं बटाट्याचं, चीज घातलेलं कॅसरोल झालं का ते बघत होते.

"मिसेस हिन्रिक्स? मी आयव्हर स्टेनरूड. खरंच मीच बोलतोय, माझ्या वतीनं दुसरं कुणी नाही."

"ओळखला आवाज."

"माझ्यासमोर यादी आहे. तुमच्या नावापुढे लिहिलंय, 'अजून ठरलं नाही'. आणि त्याच्याखाली कुणीतरी रेघ मारलीय. दोनदा."

"ती फर्न."

"फ्रीजवाल्या बाई." ते हसले असावेत. "तर विचारा. मक्याबद्दल विचारलंत तर उत्तर बदलणार नाही, आधीच सांगतो."

मी ओव्हनचं दार लावलं. फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. मर्लिनपुढे अकरा महिने जे तोंड उघडलं नव्हतं ते उघडायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्यांनी घाई केली नाही, गप्प राहणं त्यांना येतं.

"तुमचा उजवा हात," मी म्हटलं. "टेकवला की थरथरतो. शनिवारी मी तुमच्या शेजारी होते."

तारेच्या दुसऱ्या टोकाला एक खुर्ची सरकली. दार बंद झाल्याचा आवाज आला.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बियाणं तपासते. माझ्या नवऱ्याला कंपवात होता."

"होता."

"हो."

"किती वर्षं?"

"नऊ."

मला ओव्हनमधलं चीज करपल्याचा वास येत होता आणि मी हललेही नाही.

"बायकोनं नाही विचारलं," ते म्हणाले. "बायकोला दिसलंय. मला माहितीय तिला दिसलंय. ऑक्टोबरपासून आहे. तुम्ही पहिल्याच."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही. दाखवलं तर कळेल. कळलं तर सांगावं लागेल, कारण मी खोटं चांगलं बोलू शकत नाही. म्हणून कळून घेत नाही." ते थांबले. "ऐकायला कसं वाटतं?"

"भित्रं वाटतं."

"मलाही." आणि मग एकदम, घाईनं, जसे ते कधी बोलत नसत: "ती नऊ वर्षं कशी असतात? सगळी सारखी असतात?"

कुणी मला हे विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. मर्लिन गेल्यावर लोकांनी डबे आणून दिले, कार्डं पाठवली, माझ्या दारातला बर्फ उपसला. ती वर्षं कशी होती हे कुणी विचारलं नाही. मी सांगत गेले. पहिली सहा वर्षं तो चाले, गाडी हाके, वाद घाली, आणि वादात जिंके. सहाव्या हिवाळ्यात तो आमच्या प्रभागाच्या सभेचा अध्यक्ष होता, अठ्ठावीस वर्षं होताच, आणि त्या संध्याकाळी त्यानं चिठ्ठ्या स्वतः मोजायचा हट्ट धरला. एकशे बारा चिठ्ठ्या. त्या टेबलावरून उचलायच्या, उलगडायच्या, नाव वाचायचं, ढिगात ठेवायच्या. चाळीस मिनिटं लागली. बाहेर वादळ होतं, लोकांना घरी जायचं होतं, मुलं पेंगत होती. एकही माणूस उठला नाही. मदत करू का असंही कुणी म्हणालं नाही. एकशे अकरा माणसं फक्त एका हाताकडे बघत बसली होती. आणि मोजणी बिनचूक निघाली. मी चर्चमध्ये, डोंगरावर, प्रयोगशाळेत, कुठेही तशी शांतता अनुभवलेली नाही. हे सांगितलं आणि मग उरलेलंही सांगितलं, कारण अर्धा नमुना तपासून सही करता येत नाही. सातव्या वर्षी त्याला स्वयंपाकघरात दोन मुली दिसायला लागल्या, लोकरी टोप्या घातलेल्या. तो त्यांच्याशी फार अदबीनं वागे. मला म्हणे, हळू बोल, त्या दचकतात. आठव्या वर्षी तो मला ओळखेनासा झाला, पण माझ्याशीही तितक्याच अदबीनं वागे.

"सहा," ते म्हणाले.

"त्याची सहा. एका माणसावरून नियम निघत नाही."

"नाही निघत." मग म्हणाले, "मिसेस हिन्रिक्स, तुम्हाला गप्प राहा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तुम्हाला जे पटेल ते करा. ज्याला सांगायचं त्याला सांगा. मी तुमचं म्हणणं खोटं पाडणार नाही." आणि त्यांच्या त्या संथ आवाजात: "आता तुमच्या नावापुढे काय लिहू?"

"अजून ठरलं नाही."

"तेच ठेवतो."

मी फोन ठेवला. कॅसरोल वरून काळं झालं होतं. मी खरवडून खाल्लं. एवढा मोठा माणूस एवढी लहान गोष्ट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन गेला होता आणि जाताना ती ओट्यावर ठेवून गेला होता, आणि मी ती उचलून कुठे ठेवू हे मला कळत नव्हतं. मी वाट पाहिली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रोज संध्याकाळी बातम्या लावल्या. ते स्वतःच सांगतील असं वाटत होतं. ते इंधनाबद्दल बोलले, सैन्याबद्दल बोलले, उजवा हात खिशात घालून. रात्री अंथरुणात मला वाटे, मी कोण? मग वाटे, पण दुसरं आहे कोण?

सोमवारी, सभेच्याच दिवशी, चार वाजता फर्न दारात उभी. गळ्याभोवती तिपेडी मफलर, डोळे पाणावलेले. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली.

"आवाज बसला?"

तिनं मान डोलावली. मग जवळ येऊन कुजबुजली, "डेल्मरनं नवस केला असणार." डेल्मर फॉस म्हणजे गुरांचा डॉक्टर, मर्लिनचा जिवलग, आता सभेचा अध्यक्ष आणि मनानं टिलरीचा. फर्ननं कोटातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात कोंबला. "तू वाच."

"मी? फर्न, मी कधी..."

"दोन मिनिटांचं आहे. नुसतं वाचायचं. मत कुणालाही दे." तिला धाप लागली. "कुणीच उभं राहिलं नाही तर नाव पुकारतात आणि मग सगळे खाली बघतात. मला ते बघवणार नाही गं."

कागद प्रचाराच्या कचेरीतून आलेला होता, टंकलिखित, राज्यभर असेच गेले असतील. मी तो उभ्या उभ्या वाचला. सगळं बरोबर होतं: सैन्यातली नोकरी, बावीस वर्षं सिनेट, एकही चौकशी मागे नाही. शेवटून दुसरी ओळ अशी होती: 'तब्येतीनं ठणठणीत असलेले आयव्हर स्टेनरूड पूर्ण आठ वर्षं ही धुरा समर्थपणे पेलतील, याची मी, त्यांची शेजारी, तुम्हाला हमी देते.' मी, त्यांची शेजारी. त्यांचं राज्य आमच्या शेजारचं, म्हणून तसं लिहिलं असावं; पण चिलीच्या त्या टेबलाशी मी खरोखरच त्यांची शेजारी होते. प्रयोगशाळेत मी जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्याखालीच सही करते. न पाहिलेल्याखाली एकदाही केलेली नाही. कागद घडी करून मी कोटाच्या खिशात ठेवला. फर्नला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेत, बाहेरची शून्याखाली चौदा अंशांची थंडी मागे सोडून, माणसं येत होती. मला ते दृश्य माहीत होतं आणि तरी त्या संध्याकाळी ते मी पहिल्यांदा बघत होते. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, न येण्याबद्दल दंड नव्हता. ट्रॅक्टरचं दुकान चालवणारा रस्टी, प्राध्यापक बाई, कडेवर झोपलेलं मूल घेऊन एक तरुण बाप, काठी टेकत आलेले दोघे म्हातारे भाऊ जे एरवी एकमेकांशी बोलत नाहीत. चष्म्यांवर वाफ धरत होती, ती पुसायला सगळे एकाच वेळी थांबत होते. शंभर-सव्वाशे माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढी कोरी चिठ्ठी होती. एवढ्याशा कागदावर देशातल्या सगळ्यात वजनदार माणसाचं वजन होणार होतं. ज्यानं हे पहिल्यांदा सुचवलं त्याला वेड्यात कसं काढलं नसेल कुणी? आणि तरी ते चालत होतं. बी उगवतं तसं, कुणाला नीट न कळता चालत होतं. फर्न माझ्या शेजारी बसली होती, मफलरात नाक खुपसून.

डेल्मरनं हातोडा आपटला. "मंडळी, स्वयंपाकघरात काही जणांनी घरून आणलेल्या केकच्या वड्या आहेत, पण मत दिल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लाच नको. प्रत्येकाला दोन मिनिटं. माझ्याकडे घड्याळ आहे आणि मी घोड्यांना आवरलंय, तेव्हा लांबण लावू नका."

टिलरींसाठी रस्टी बोलला, छान बोलला, हशा आणि टाळ्या घेतल्या. पॉमरॉयसाठी प्राध्यापक बाई बोलल्या. त्यांनी आकडे दिले, मी मनात पडताळून पाहिले, बरोबर होते. मी तीन माणसं पुन्हा एकदा तोलली. टिलरींची घाई. पॉमरॉयची ती झीज मोजणारी नजर. स्टेनरूडचा भित्रेपणा, जो त्यांनी स्वतः कबूल केला होता. आणि ते कबूल करताना त्यांनी दार लावून घेतलं होतं, तेही. सहा वर्षं, आणि नंतरच्या त्या लोकरी टोप्या. राष्ट्राध्यक्षाच्या खोलीत त्या मुली येऊन उभ्या राहिल्या तर? मला त्या स्पष्ट दिसल्या. आणि त्याच क्षणी, मर्लिननं वाचलेली शेवटची चिठ्ठी ढिगावर ठेवली तेव्हा सबंध सभेनं सोडलेला तो एक श्वासही मला ऐकू आला. दोन्ही खरं होतं. एकानं दुसरं खोडलं जात नव्हतं.

"सिनेटर स्टेनरूड," डेल्मर म्हणाला. "फर्न?"

फर्ननं स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. हशा पिकला.

"अरे वा! देव आहे म्हणायचा. मग स्टेनरूडच्या वतीनं दुसरं कुणी?"

सगळे खाली बघायला लागले. फर्न म्हणाली होती तसेच. एक खुर्ची करकरली. कडेवरचं मूल झोपेत चुळबुळलं. "कुणीच नाही?" डेल्मरनं पुन्हा विचारलं, आणि आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, ओशाळलेपणा होता, आपल्याकडे आलेल्या माणसाला कुणी खुर्ची देऊ नये तसा. त्याचा हात हातोड्याकडे गेला.

मी उठले. कागद खिशातच राहिला.

"अगं आर्डिस!" डेल्मर म्हणाला. इतकंच. मग त्याला काय झालं कुणास ठाऊक, त्यानं घड्याळ पालथं घातलं.

"मला कागद दिलाय," मी म्हटलं. माझा आवाज त्या उंच छताखाली मलाच परका वाटला. "त्यातली एक ओळ मी वाचू शकत नाही, म्हणून काहीच वाचत नाही. त्यांचा उजवा हात कापतो. मी पाहिलंय, मोजलंय, आणि त्यांना विचारलंय. ते म्हणाले, सांगायचं तर सांगा. त्यांनी डॉक्टरांना दाखवलेलं नाही, ते त्यांनी करायला हवं होतं; न दाखवणं भित्रं वाटतं, हे मी त्यांनाही सांगितलं. तो आजार काय असेल ते मला माहीत नाही, पण मला जे वाटतं ते इथे बऱ्याच जणांनी मर्लिनजवळ पाहिलेलं आहे."

फर्ननं माझ्याकडे बघितलं आणि तिची नजर मला सोसेना, म्हणून मी डेल्मरकडे बघत राहिले.

"मक्याबद्दल ते आपल्या तोंडावर बोलले. मी विचारलं तेव्हा मलाही खोटं बोलले नाहीत. घाबरलेत, आणि घाबरलोय म्हणाले. मी तिघांनाही तोललं आणि मला यांच्याहून वजनदार माणूस सापडला नाही." मला श्वास घ्यावा लागला. "माझं मत आयव्हर स्टेनरूडना. चार वर्षांसाठी. पुढच्या चार वर्षांसाठी ते पुन्हा आले, तर मी इथेच उभी राहून नाही म्हणेन."